पांढऱ्या पट्ट्यांची सकाळ

रविवार, २४ जून १९१७

आज सकाळी म्हातारा वायनो पुन्हा जिन्यात थुंकला. तंबाखूची पिंक, तीही मी काल सोडा लावून घासलेल्या पायरीवर. मी खालून ओरडले, तर वरून शांतपणे म्हणतो, "पेरीनाबाई, खाणीत कुठेही थुंकलं तरी चालतं. सवय जात नाही हो."

आठ पुरुष, सोळा बूट आणि मोज्यांची एक बादली. त्या बादलीकडे नुसतं बघितलं तरी शिसारी येते. मला घाणीची किळस लहानपणापासून आहे. आई म्हणायची, ही राजवाड्यात जन्मायची ती चुकून कोळ्याच्या घरात आली. आणि मी काय केलं? युरोपातून समुद्र ओलांडून ॲरिझोनात आले, हॉलिस कॅन्यनमध्ये तांब्याच्या खाणीवर खाणावळ काढली. वर चार खोल्या, आठ खाटा, खाली लांब टेबल.

डेन्झिल म्हणतो, सोडून दे. तो पाळीचा मुकादम आहे, आमचं दोघांचं भागतं. पण लग्नाला सात वर्षं झाली, पाळणा हलला नाही. रिकाम्या घरात मी भिंतींशी बोलायला लागले असते. आणि फ्रानेला मीच पत्रं लिहून लिहून इथे बोलावलं. माझा धाकटा भाऊ. त्याला परक्या बाईच्या हातचं जेवायला कशी लावू?

ही वही मी आमच्या भाषेत लिहिते. डेन्झिल कॉर्नवॉलचा, त्याला यातलं अक्षर कळत नाही. तो विचारतो, "काय लिहितेस एवढं?" मी सांगते, "पाककृती."


बुधवार, २७ जून

सकाळी डबे भरत होते, तर फ्राने दारात.

"ताई, आज डबा नको."

"का रे, बरं नाही?"

"बरं आहे. म्हणूनच नको."

संप झाला. आठच्या आठ जण बाहेर. अर्धं गाव बाहेर. आज सगळ्यांनी भर दिवसा दाढ्या केल्या आणि माझं तीन दिवसांचं गरम पाणी संपवलं.

रात्रीच्या जेवणाला डेन्झिल कामावरून आला. मुकादमांना संप नसतो. तो टेबलाच्या एका टोकाला, फ्राने दुसऱ्या. मध्ये कोबी आणि डुकराचं मांस.

डेन्झिल म्हणाला, "तिकडे युद्ध चाललंय. तांब्याशिवाय काडतूस होत नाही. माझ्या मावशीची पोरं चिखलात मरतायत, आणि तुम्ही इथे भांग पाडून कोपऱ्यावर उभे."

"दाजी," फ्राने म्हणाला, "आम्ही मागितलं काय? एका यंत्रावर दोन माणसं द्या आणि धूळ बसायला पाणी मारा. त्या पाण्यात कैसर पोहतोय का?"

सगळे हसले. वायनोच्या नाकातून सूप आलं. मी तोंड फिरवलं. डेन्झिल हसला नाही. त्याने ताटातला कोबी बाजूला सारला, करंजी मागितली. त्याच्या गावची ती मांस-बटाट्याची मोठी करंजी मी फक्त त्याच्यासाठी करते.


रविवार, १ जुलै

चर्चहून आल्यावर डेन्झिलने कोरा कागद आणि दौत पुढे ठेवली. किती दिवसांनी असा गोड बोलला.

म्हणाला, "गावात बाहेरची माणसं शिरलीत, चिथावणी देणारी. आपल्याकडचे सगळे जुने, मेहनती. ते नावानिशी कागदावर असलं म्हणजे त्यांनाच बरं. उगाच कोणी त्रास देणार नाही. माझं अक्षर तुला माहितीच आहे, कोंबडीचे पाय."

मी लिहून दिलं. कोण कुठल्या खोलीत, कुठल्या खाटेवर, कुठून आला, युनियनचं कार्ड आहे का.

"कार्डाचं कशाला?" मी विचारलं.

"एक गोष्ट लपवली तर बाकीचंही खोटं वाटतं."

ते पटलं. आठही जणांपुढे 'आहे' लिहिलं. खालच्या अंगाला डोन्या कुका राहते, तिच्या नवऱ्याचं, चोनचंही नाव घातलं, आणि त्या रांगेतल्या आणखी दोन घरांचं, कारण मेक्सिकन नावं डेन्झिलला उच्चारताही येत नाहीत. डोन्या कुकाची इंग्रजी पत्रं मीच लिहून देते, सगळ्यांची नावं मला पाठ आहेत. कंपनीच्या पगार-खिडकीवर फ्रानेचा फ्रँक करतात आणि वायनोचा वेन. मी प्रत्येक नाव जसं आहे तसं लिहिलं, टिंबासकट. कागद सुकल्यावर बघितला. शाळेत असते तर बक्षीस मिळालं असतं.

डेन्झिलने कागद घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि माझ्या कपाळाचा मुका घेतला.


शुक्रवार, ६ जुलै

पाद्रीबुवांच्या बायकोने, मिसेस ट्रेगियरने, निरोप पाठवला म्हणून चर्चच्या हॉलमध्ये गेले. वीस बायका. जुन्या चादरी फाडायच्या, सैनिकांसाठी. मला नेहमी कोपऱ्यात बसवतात, आज मधोमध बसवलं. चहात दूध घालून दिलं.

पट्ट्या हातभर लांबीच्या हव्या होत्या. मी म्हटलं, "एवढ्याशा पट्टीने मांडी कशी बांधणार? दंडाला जेमतेम पुरेल."

कोणीतरी फिसकन हसलं. मिसेस ट्रेगियर म्हणाली, "दंडालाही लागतं ना, बाई."

शंभरावर पट्ट्या झाल्या. माझ्या सगळ्यात सरळ फाटल्या होत्या. घरी येताना वाटलं, उगाच या बायकांचा एवढी वर्षं राग करत होते.

गाव शांत आहे. संपवाले कोपऱ्यावर उभे राहतात, पत्ते खेळतात, दुपारी माझ्या अंगणात लाकडं फोडून देतात. वायनोने जिना घासून दिला, न सांगता.


मंगळवार, १० जुलै

लिहवत नाही. तरी लिहिते.

साडेपाचला दार वाजलं. डेन्झिल अंथरुणात नव्हता. मला वाटलं, पहाटेच्या पाळीला गेला. दार उघडलं तर मिस्टर हॅम्लिन, आमचा किराणावाला. ज्याच्याकडून मी दर शनिवारी यीस्ट आणते तो. हातात बंदूक, दंडाला पांढरी पट्टी. मागे दहा-बारा जण, सगळ्यांच्या दंडाला पट्ट्या. मला बघून त्याने टोपी उचलली.

"सुप्रभात, मिसेस पास्को. तुम्ही बाजूला उभ्या राहा, तुम्हाला काही नाही."

मग खिशातून कागद काढून वाचायला लागला. पहिली खोली, खिडकीजवळची खाट. पहिली खोली, भिंतीजवळची खाट. सगळी नावं अगदी बरोबर. त्या धांदलीतही मला नवल वाटलं, की ह्याला आमच्या नावांचे उच्चार कोणी शिकवले.

एकेकाला ढकलत खाली आणलं. काही जण नुसत्या अंतर्वस्त्रांत. फ्रानेच्या एकाच पायात बूट. तो ओरडला, "दुसरा बूट तरी घालू द्या!" एकाने बंदुकीचा दस्ता त्याच्या पाठीत घातला. घासलेल्या त्याच पायऱ्यांवर तो तोंडावर पडला. वायनो खाली वाकला आणि तो बूट उचलून काखेत धरला.

मी गाऊनवर शाल ओढून मागे धावले. रस्ता माणसांनी भरलेला. मधून पुरुष चालतायत, दोन्ही बाजूंनी पट्ट्यावाले. सुतार, औषधवाला, मुलांना पियानो शिकवतो तो मास्तर. काही जण आपसांत हसत होते, शिकारीला निघाल्यासारखे. कोपऱ्यावर डेन्झिल. पट्टी त्याच्याही दंडाला. मी हाक मारली. त्याने बंदूक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि टेकडीकडे बघायला लागला.

सगळ्यांना बेसबॉलच्या मैदानात कोंडलं. हजारावर माणसं असतील. आम्ही बायका कुंपणाबाहेर. उन्हं चढली. पाणी नाही. कोणीतरी कर्ण्यातून ओरडत होता की जो कामावर परत यायला तयार असेल त्याने पट्टी बांधावी आणि बाहेर यावं. काही आले. आले त्यांच्याकडे मला बघवेना, आणि न येणाऱ्यांकडेही.

अकराच्या सुमाराला आगगाडी लागली. गुरांच्या वाघिणी. आत गुरांचं शेण तसंच, घोट्याएवढं, उन्हाने वर साय धरलेलं. माश्यांचे ढग. त्यात माणसं चढवली, एकेका वाघिणीत पन्नास. मी फ्रानेला शोधलं. त्याचा अनवाणी पाय त्या घाणीत गेलेला दिसला. मला ओकारी आली. तिथेच रुळांशी किती तरी वेळ वाकून राहिले. वर बघितलं तर दरवाजा सरकवलेला होता.

डेन्झिल दीड वाजता घरी आला. हात धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत. टेबलाशी बसला.

"काही आहे का खायला? सकाळपासून उपाशी आहे."

कालची करंजी होती. ती दिली. का दिली, माहीत नाही. सात वर्षांची सवय. मी समोर उभी राहून त्याला चावताना बघत होते. जबडा वर, जबडा खाली. मिशीला चुरा. बोटाने टिपून तोही खाल्ला.


बुधवार, ११ जुलै

तारघर बंद. पोस्टातही पट्टीवाला बसलाय. गाडी कुठे गेली कोणी सांगत नाही. डेन्झिल म्हणतो, "सुखरूप असतील. सरहद्दीपलीकडे सोडतील, दुसरीकडे काम शोधतील. आपल्याच गावाला लागलेली कीड होती."

"फ्राने कीड?"

"मी फ्रानेचं म्हणालो का?"

मी वर जाऊन आठ खाटांच्या चादरी काढल्या. धुवायच्या म्हणून. त्या घाणेरड्या होत्या, त्यांना तंबाखूचा आणि घामाचा वास होता. तशाच घडी करून ठेवल्या.


शनिवार, १४ जुलै

डोन्या कुकाच्या दारावर तीनदा गेले, दार उघडलं नाही. बाजारात इतर बायका मला बघून रस्ता ओलांडतात. घाबरल्यात बिचाऱ्या, मुकादमाच्या बायकोशी बोलताना कोणी बघितलं तर?

आज ती स्वतःच आली. माझं पातेलं परत करायला, तीन महिन्यांपूर्वी नेलेलं. उंबऱ्याबाहेरच ठेवलं.

"चोनची काही खबर?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं. पन्नाशीची बाई, तिच्या डोळ्यांत मी कधी पाणी बघितलं नाही, आजही नव्हतं.

"अक्षर सुंदर आहे तुझं, पोरी," ती म्हणाली.

"कुठलं अक्षर?"

"मला वाचता येत नाही. पण माझी पत्रं तूच लिहितेस ना? ते वळण मी डोळे मिटून ओळखेन. माझ्या दाराशी किराणावाल्याने कागद धरला होता, या इथे, नाकासमोर."

मग ती अंगणात थुंकली. माझ्या दिशेने नाही, बाजूला, जमिनीवर. आणि गेली.

आता संध्याकाळ झालीय. मी टेबलाशीच बसलेय. खिडकीजवळची खाट, भिंतीजवळची खाट. त्यांच्या उच्चारांचं मला नवल वाटलं होतं! चार दिवस बाजारातल्या बायकांची कीव करत होते मी. मला माझीच एवढी किळस कधी आली नव्हती. हात घासले. तीनदा घासले. आणि घासता घासता आठवलं की डेन्झिलनेही असेच घासले होते, कोपरापर्यंत.


रविवार, १५ जुलै

आज विचारलं. तो बूट पॉलिश करत होता.

"तो कागद कशासाठी हवा होता?"

"कुठला?"

"डेन्झिल."

त्याने ब्रश खाली ठेवला. "मला कुठे माहीत होतं गुरांची वाघीण येणार? म्हणाले यादी करा, सगळ्या मुकादमांना म्हणाले. मी नाही केली असती तर दुसऱ्याने केली असती, चुकीची."

"फ्रानेचं नाव खोडता आलं नसतं तुला?"

"खोडलं असतं तर विचारलं असतं, हे नाव का खोडलं."

"मग?"

"मग काय? सांगू, माझा मेव्हणा आहे? आधीच म्हणतात, पास्कोने परदेशी बायको केली." तो पुन्हा ब्रश फिरवायला लागला. "आणि लिहिलंस तू. मी नुसतं नेऊन दिलं. एक अक्षर वाढवलं नाही मी त्यात."

हे शेवटचं तो खरोखर प्रामाणिकपणे म्हणाला. अभिमानाने म्हटलं तरी चालेल.


गुरुवार, १९ जुलै

बातमी लागली. गाडी न्यू मेक्सिकोत वाळवंटात नेऊन सोडली, दीडेकशे मैलांवर. दोन दिवस अन्नपाणी नाही. मग लष्कराने सरहद्दीजवळच्या छावणीत तंबू दिले. जिवंत आहेत. फ्राने जिवंत आहे असं मात्र कोणी सांगितलं नाही, सगळे जिवंत आहेत एवढंच.

गावाच्या दोन्ही नाक्यांवर पहारा. आत यायला चिठ्ठी, बाहेर जायला चिठ्ठी. डेन्झिल दक्षिण नाक्याचा प्रमुख झालाय. आणि पहाऱ्यावरच्या लोकांचं दुपारचं जेवण आपल्याकडून जाईल असं कबूल करून आलाय.

मी स्वयंपाक केला. लपवून काय करू? चौदा माणसांचा रस्सा केला. ढवळताना मनात आलं, यात थुंकावं. थुंकले नाही. मीठसुद्धा चाखून बघितलं. काय माणूस आहे मी.


बुधवार, २५ जुलै

डोन्या कुकाला कंपनीचं घर खाली करायला सांगितलंय. घरात कामावर जाणारा पुरुष नाही, मग घरही नाही. तिचं सामान रस्त्यावर: एक गादी, शिलाईचं मशीन, देवीची तसबीर, कोंबड्यांचा खुराडा.

मी गेले, मशीनची दुसरी बाजू उचलली. तिने हात झटकला नाही. बोललीही नाही.

"मी येते तुमच्याबरोबर," मी म्हटलं. "छावणीला."

"रस्ता कोणाच्या बापाचा नाही," ती म्हणाली. एवढंच.

चिठ्ठी घ्यायला चर्चच्या हॉलमध्ये जावं लागलं. ज्या टेबलावर आम्ही चादरी फाडल्या त्याच्यामागे तिघे बसलेले, मधोमध मिस्टर हॅम्लिन.

"कुठे जाताय, मिसेस पास्को?"

"भावाला कपडे द्यायला."

"असं, असं. कर्तव्यच आहे." चिठ्ठीवर सही करता करता म्हणाला, "शनिवारपर्यंत याल ना? ताजं यीस्ट येतंय. तुमच्यासाठी बाजूला ठेवतो."

तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की यीस्टचं सांगायला हवं. मी चिठ्ठी घडी करून घेतली.

नाक्यावर डेन्झिल होता. त्याने चिठ्ठी उलटसुलट बघितली, जसा मला ओळखतच नाही, कारण दोन माणसं बघत होती. मग हळूच म्हणाला, "गुरुवारी सकाळी गेलीस तर शनिवारी परत. नवीन माणसं यायचीत राहायला." आज बुधवार आहे हेही त्याच्या लक्षात नव्हतं. मी गाडीत चढले. डोन्या कुकाच्या कोंबड्या माझ्या पायाशी होत्या, सगळ्या वाटेवर घाण करत होत्या. मी पाय काढून घेतले नाहीत.


रविवार, २९ जुलै

छावणी म्हणजे तंबूंच्या रांगा आणि वाळू. दातांत वाळू, पावात वाळू. संडासांचा वास अर्ध्या मैलावरून.

चोन डोन्या कुकाला बघून उभा राहिला आणि पहिली गोष्ट म्हणाला, "कोंबड्या आणल्यास?" तेव्हा ती रडली.

फ्राने तंबूच्या सावलीत बटाटे सोलत होता. वाळलाय. दोन्ही पायांत बूट आहेत. मला बघून उठला नाही.

"ये ताई, बस."

मी उभ्यानेच सांगून टाकलं. कागद, दौत, टिंबं, सगळं. गाडीत पाठ केलेलं काहीच आठवलं नाही.

तो सोलत राहिला. म्हणाला, "माहीत होतं मला. दाराशी कागद बघितला तेव्हाच."

"मग?"

"मग काय. मला वाटलं, तू येशील आणि सांगशील. एकोणीस दिवस लावलेस."

सांगायला हवं होतं की चार दिवस मला कळलंच नव्हतं. पण पंधरा दिवसांचं काय सांगणार? रस्सा ढवळत होते?

मग त्याने सांगितलं. वाघिणीचा दरवाजा लावायच्या आधी डेन्झिल तिथे आला होता. खिशातून पट्टी काढून वर धरली. म्हणाला, बांध आणि उतर, पेरीना वाट बघतेय.

"मी उतरणार होतो, ताई. खोटं कशाला बोलू? घाबरलो होतो. एक पाय पुढे टाकलाही होता. पण मैदानातल्या गर्दीत चुकामूक झालेला वायनो वाघिणीत पुन्हा शेजारी आला होता, त्या शेणात उभा, माझा बूट काखेत धरून. म्हाताऱ्याने नुसता बूट पुढे केला. मग मी तो बूट घालत बसलो, तोवर दार बंद झालं."

मला डेन्झिलने हे कधीच सांगितलं नाही. म्हणजे तो आला होता. त्याने प्रयत्न केला होता. हे कळून मला बरं वाटायला हवं होतं. पण ती पट्टी मी फाडलेल्यांपैकी असेल, सरळ फाटलेली.

त्याने दुसरी सुरी माझ्याकडे सरकवली. "बटाटे बरेच आहेत," म्हणाला.


रविवार, १२ ऑगस्ट

शनिवार आले आणि गेले. मी परत गेले नाही. असं ठरवलं नव्हतं, नुसती गेले नाही.

छावणीजवळच्या वस्तीत डोन्या कुकाने एक छपरी घेतलीय. आम्ही दोघी शिपायांचे कपडे धुतो. रक्त, घाम, काय काय. मोज्यांची एक बादली मला पुरत नव्हती, आता सहा पिंपं. पहिल्या आठवड्यात दोनदा ओकले. आता नाही. साबणाने हात फाटलेत.

डोन्या कुका माझ्याशी कामापुरतं बोलते. "पाणी उकळलं." "दोरी बांध." मी एकदा विचारलं, "तुम्ही मला माफ कराल का हो?" ती कपडा पिळता पिळता म्हणाली, "पीळ तू. ते टोक धर."

डेन्झिलचं पत्र आलं, कोंबडीचे पाय. आठ नवे आलेत, टेक्ससचे. बशा फोडतात. चुलीची नळी गळतेय. केव्हा येतेस. खाली 'तुझा प्रेमळ नवरा'. बाकी काही नाही.


रविवार, ९ सप्टेंबर

लष्कर शिधा कमी करतंय, पुढे बंद करणार. गावात परत जायला बंदी, इथे राहायला बंदी. माणसं रोज चार-सहा निघून जातात, रूळ धरून, कोण पूर्वेला, कोण उत्तरेला. हजार माणसं पाण्यासारखी वाळूत जिरून चाललीत आणि वर्तमानपत्रात ओळही नाही.

फ्राने आज आला. तो आणि वायनो उत्तरेला जंगलतोडीच्या कामावर निघालेत. मी कपड्यांची पिशवी दिली. पावाची लादी दिली. ती त्याने घेतली.

"पत्ता पाठवशील?"

"पाठवेन."

"मनापासून?"

"ताई, मला माहीत नाही," तो म्हणाला. "तुझा राग येतो असंही नाही. पण जेवायला बसलो की तुझा हात दिसतो, आणि घास जात नाही. बघू. जाईल ते."

मग त्याने हात पुढे केला. घर सोडताना घरमालकिणीशी हात मिळवतात तसा. मी मिळवला. वायनोने टोपी काढली, इकडेतिकडे बघितलं, आणि मला दिसेल असं, तोंडातली पिंक दूर जाऊन, दगडाच्या पलीकडे थुंकला. मला हसू आलं, आणि मग बराच वेळ आवरेना, ते हसू नव्हतं.


मंगळवार, १८ सप्टेंबर

डेन्झिल आला.

दुपारची गाडी. मी दोरीवर शर्ट घालत होते. तो कुंपणाशी उभा, रविवारचा कोट घालून, हातात माझे चांगले बूट, कागदात बांधलेले. बारीक झालाय. खोकतो. डोन्या कुकाने त्याला बघितलं आणि छपरीत जाऊन दार लावून घेतलं.

मी त्याला उलट्या पिंपावर बसायला सांगितलं, पाणी दिलं. मनाशी एक ठरवलं. तो एकदा जरी म्हणाला, फ्राने कसा आहे, तर मी जाईन. त्याच्याबरोबर, याच गाडीने. एवढंच विचार, बाबा. काय केलंस ते कबूल करू नकोस, रडू नकोस. एवढंच.

तो बोलत होता. छप्पर दुरुस्त केलं. वरच्या पाळीचा प्रमुख व्हायची शक्यता आहे. मिसेस ट्रेगियर माझी चौकशी करते.

"मी सांगितलंय सगळ्यांना, तुझी छाती बिघडली म्हणून मावशीकडे गेलीस, हवापालटाला."

"मला मावशी नाही."

"ते त्यांना कुठे माहीत? तूही तेच सांग म्हणजे झालं. बाकी सगळं लोक विसरलेत, पेरीना. कोणी विषयही काढत नाही. गाव इतकं शांत कधी नव्हतं."

मी शर्ट वाळत घालत राहिले. तो घड्याळ बघत राहिला. एक तास गेला. मग मी त्याला स्टेशनपर्यंत सोडायला गेले, बूट त्याच्या हातातच. माझ्या पायांत चोनचे जुने जोडे होते. तो त्यांच्याकडे बघून तोंड वाकडं करत होता, आणि मला ते ओळखीचं वाटलं. मीही असंच तोंड करायचे.

गाडी आली. तो पायरीवर चढला. मग वळला, चेहरा जरा मऊ झाला, ओठ हलले, आणि म्हणाला, "फ्रानेची..."

माझा पाय उचलला गेला होता. खोटं कशाला लिहू, उचलला होता.

"फ्रानेची पेटी आहे वरच्या खोलीत. नव्या माणसाला जागा हवीय. ठेवू का विकू?"

गाडी हलली. त्याला उत्तर हवं होतं, तो दांडीला धरून वाकून बघत होता, खरोखर काळजीने, मी काय म्हणते ते ऐकायला कानामागे हात लावून.

"ठेव," मी ओरडले.

त्याने मान हलवली. समाधान झालं त्याचं. माझे बूट वर, त्याच्याबरोबरच गेले.

परत आले तेव्हा डोन्या कुका दोरीवरचे माझे शर्ट काढून पुन्हा पिळत होती. म्हणाली, मी अर्धवट पिळले होते, सगळे ठिबकत होते.